आपलं काम कागदावर आणताना

रेझ्युमे आपल्याकडे बहुतेकांच्या हाती नमुना म्हणून येतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल तयार असते. नाव, पत्ता, जन्मतारीख बदलली की प्रिंट निघते. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या बॅचमधल्या कुणाचा तरी रेझ्युमे फिरत असतो. नमुना वापरण्यात गैर काही नाही, पुष्कळशा लेखनाची सुरुवात अशीच होते. अडचण एवढीच की नमुन्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी कधीतरी काही कारणानं लिहिलेली असते आणि ते कारण आपल्यापर्यंत पोचत नाही. मग चाकणच्या कारखान्यात अर्ज करणारा मुलगा आणि नाशिकच्या रुग्णालयात अर्ज करणारी परिचारिका यांच्या कागदांवर तेच उद्दिष्ट, तेच छंद आणि तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ हे तेच निवेदन दिसतं.

ही कारणं उलगडून सांगावीत, यासाठी हे पुस्तक आहे. रेझ्युमे हा अभ्यासाचा विषय असू शकतो याचं काहींना आश्चर्य वाटेल. पण गेल्या पन्नास वर्षांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि अलीकडे संगणकशास्त्र या सगळ्यांनी या एक-दोन पानांकडे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माणूस आणि नोकरी यांची गाठ पडण्याआधी दोघांमधला दुवा बऱ्याचदा हा एकच कागद असतो. समाजात संधी कशी वाटली जाते, हे तपासायला इतकी सोपी जागा दुसरी क्वचितच सापडते. यातली कुठलीही शाखा तुम्ही शिकलेले नसलात तरी पुढची पानं तुमच्यासाठीच आहेत. नोकरी शोधणाऱ्याला या अभ्यासाचा उपयोग आहे आणि नोकरी शोधणाऱ्याच्या अनुभवाशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही.

सुरुवात मायकेल स्पेन्स यांच्यापासून करावी असं मला वाटतं. १९७३ साली त्यांनी नोकरीच्या बाजारातल्या संकेतांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. अर्जदाराला आपली कुवत ठाऊक असते, मालकाला ती ठाऊक नसते, आणि कामावर घेऊन काही काळ गेल्याशिवाय कळतही नाही. म्हणून मालक बाहेरून दिसणाऱ्या खुणा शोधतो. मात्र खूण उपयोगी पडायची तर एक अट आहे: ज्याच्याकडे कुवत नाही, त्याला ती खूण मिळवणं जड गेलं पाहिजे. जी खूण सगळ्यांनाच फुकट मिळते, तिच्यावरून कुणाचीच पारख होत नाही.

आता ‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, टीममध्ये काम करण्याची तयारी’ या ओळीकडे पाहा. ती लिहायला कष्टाळू माणसाला जेवढे श्रम पडतात तेवढेच कामचुकारालाही पडतात. म्हणून वाचणारा ती वाचतच नाही. रेझ्युमेवरचा बहुतेक चांगला सल्ला या एका विचारातून निघतो, आणि हा विचार हाती आला की सल्ल्यांची यादी पाठ करावी लागत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेला, भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात काम करणारा तरुण लिहितो: ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून दोन वर्षांचा अनुभव.’ वाक्य खरं आहे, पण दुसऱ्या कारखान्यातल्या सुपरवायझरला त्यावरून काहीच कळत नाही. ऑपरेटर म्हणजे नुसता जॉब लावून सायकल स्टार्टचं बटण दाबणारा, की टूल झिजल्यावर माप सरकू लागलं तर स्वतः ऑफसेट दुरुस्त करणारा? मशिन टर्निंग सेंटर होतं की व्हीएमसी? कंट्रोल फानुकचा होता की सीमेन्सचा? ड्रॉइंग वाचता येतं का? सेटिंग कोण करायचं? या प्रश्नांची उत्तरं त्या तरुणाकडे असतात. ती त्याला कुणी विचारलेली नसतात, आणि आपण रोज करतो ते लिहिण्याजोगं असतं हे कुणी सांगितलेलंही नसतं. त्याला बसवून विचारलं तर कागदावर असं काहीतरी उतरतं: ‘फानुक कंट्रोलच्या टर्निंग सेंटरवर दोन वर्षं. दुचाकीच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट. सॉफ्ट जॉ बोअर करणं, टूल बसवणं, ऑफसेट देणं स्वतः करतो. फर्स्ट पीस मायक्रोमीटरनं तपासून क्वालिटीकडून पास करून घेतो. एका शिफ्टमध्ये दोन मशिन सांभाळतो.’

या मजकुरात विशेषण एकही नाही. पण सुपरवायझरला लगेच कळतं की हा मुलगा नुसता ऑपरेटर राहिलेला नाही, तो सेटरच्या कामापर्यंत आलेला आहे. कारखान्यात या दोन कामांच्या पगारात फरक असतो, आणि तो मिळायचा की नाही हे काही प्रमाणात या पाच ओळींवर ठरतं. स्पेन्स यांच्या भाषेत हा महाग संकेत आहे. ज्यानं जॉ बोअर केलेला नाही त्यानं हे लिहिलं, तर मुलाखतीत ‘जॉबमध्ये रनआउट आला तर आधी काय बघशील?’ या एका प्रश्नाला तो अडकेल. ज्यानं केलंय तो उत्तर देताना हातवारेही करील.

आकडे घालावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्य आहे, पण तो ज्या तऱ्हेनं दिला जातो त्यानं नुकसान होतं. ‘उत्पादकता वीस टक्क्यांनी वाढवली’ अशा ओळी आता फ्रेशर मुलांच्याही रेझ्युमेत दिसू लागल्या आहेत. ज्याच्या हाती मशिनचा वेग नाही, मालाची खरेदी नाही, माणसांची नेमणूक नाही, त्यानं उत्पादकता कशी वाढवली, हा प्रश्न मुलाखत घेणारा विचारणारच. खरा आकडा आपल्या कामाच्या आत असतो: एका शिफ्टमध्ये किती नग, कितपत टॉलरन्स, किती मशिन. हिशेबाच्या कामात असेल तर महिन्याला किती बिलं, किती पुरवठादार. ‘टॅली येते’ असं लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे. ‘दरमहा जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी साठीची आकडेवारी तयार करतो, बँकेचं रिकन्सिलिएशन करतो’ असं नेमकं लिहिणारे त्यातले थोडेच. परिचारिकेच्या बाबतीत कुठला वॉर्ड, किती खाटा, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण हाताळले का, हे आलं की पुरे.

याच संदर्भात, ज्या कामाला पगार नव्हता त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात बचत गटाचं जाळं मोठं आहे. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, या कामात अनेक वर्षं आहे. गटाची सचिव म्हणून ज्या बाईनं बैठकांची इतिवृत्तं लिहिली, बचतीची खातेवही ठेवली, कर्जाचे हप्ते वसूल करून बँकेत भरले, ती नोकरीचा अर्ज लिहायला बसते तेव्हा अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिते. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं. हिशेब, नोंदी, वसुली आणि बँकेशी व्यवहार ही चारही कामं तिनं केलेली असतात आणि ती तपासून घेता येतील अशा वह्याही गटाकडे असतात. रेझ्युमे लिहायला शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी स्वतःच्या कामाकडे काम म्हणून पाहायला शिकणं, हे अशा वेळी फार जाणवतं.

कागदाच्या बांधणीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. आपल्या बायोडेटावर वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती येते ती सरकारी अर्जाच्या सवयीनं. सरकारी भरतीत वयोमर्यादा, आरक्षण, अधिवास यांची पडताळणी करावी लागते, त्यामुळे तिथं हे रकाने लागतात आणि ते भरलेच पाहिजेत. खासगी नोकरीच्या अर्जात मात्र त्यावरून कामाबद्दल काही कळत नाही आणि पूर्वग्रहाला आयता आधार मिळतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई केली, १९६७ च्या कायद्यानं वयाच्या बाबतीतही तेच झालं. परिणामी तिथल्या रेझ्युमेवर फोटो आणि जन्मतारीख नसणं हीच रीत झाली. जर्मनीत फोटो लावायची पद्धत जुनी आहे, पण २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो सक्तीनं मागणं मालकांना धोक्याचं वाटतं. जपानमध्ये ठरावीक चौकटींचा छापील फॉर्म वर्षानुवर्षं चालत आला. २०२१ मध्ये तिथल्या श्रम मंत्रालयानं दिलेल्या नव्या नमुन्यात लिंगाचा रकाना भरणं ऐच्छिक झालं. ही माहिती मराठी वाचकाला आता दूरची राहिलेली नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. तिथं अर्ज करणाऱ्याला तारखा महिना-वर्षासह, मध्ये खंड न ठेवता लिहाव्या लागतात. पुण्यात चालणारा कागद तिथं जसाच्या तसा चालत नाही.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या भागाकडे येतो. उत्तम रेझ्युमे लिहिला की काम झालं, असं कुणी सांगत असेल तर तो अर्धंच सांगतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो इथल्या जाहिरातींना जवळजवळ पाच हजार बनावट रेझ्युमे पाठवले. अर्ज सारख्या दर्जाचे, फरक नावांचा: काही नावं गोऱ्यांमध्ये आढळणारी, काही कृष्णवर्णीयांमध्ये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या नावाला सुमारे दहा अर्जांमागे एक फोन आला, कृष्णवर्णीय नावाला सुमारे पंधरा अर्जांमागे एक. आमच्या विषयाच्या दृष्टीनं त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे. अर्जाचा दर्जा सुधारला तेव्हा गोऱ्या नावांना त्याचा चांगला फायदा झाला; कृष्णवर्णीय नावांना फार थोडा झाला.

आपल्याकडे असा प्रयोग झाला आहे आणि त्यामागे एक मराठी अर्थतज्ज्ञ आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. बदल फक्त नाव-आडनावात होता. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेल्या त्यांच्या लेखानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याच्या संधीचं गुणोत्तर सुमारे दोन तृतीयांश भरलं, मुस्लीम नावाचं सुमारे एक तृतीयांश. ज्या मुलामुलींना शेकडो अर्जांनंतरही कॉल येत नाही, त्यांच्यासमोर हे आकडे ठेवणं मी कर्तव्य समजतो. नाही तर सगळा दोष ते स्वतःच्या इंग्रजीला आणि फॉन्टच्या आकाराला देत बसतात.

मग नावच झाकलं तर? फ्रान्सनं ते करून पाहिलं. २००६ साली तिथं निनावी अर्जांचा कायदा झाला आणि २००९-१० मध्ये सरकारी रोजगार सेवेमार्फत त्याचा प्रयोग झाला. प्रयोगात आपणहून सहभागी झालेल्या कंपन्यांत नाव झाकल्यावर स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांची मुलाखतीची संधी उलट घटली. अभ्यासकांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की नाव आणि पत्ता दिसत होता तेव्हा या कंपन्या अर्जदाराची परिस्थिती लक्षात घेऊन मधली मोकळी वर्षं, साधं कॉलेज या गोष्टी सैलपणे वाचत होत्या. नाव गेलं आणि त्या उणिवा उघड्या पडल्या. याचा अर्थ नाव झाकणं निरुपयोगी असा नाही, कारण सहभागी न झालेल्या कंपन्यांबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. पण कागद वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं हे किती गुंतागुंतीचं आहे, ते मात्र यातून दिसतं.

मोकळ्या वर्षांचा विषय निघालाच आहे. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तिघांनी अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरी भागांत सुमारे बारा हजार रेझ्युमे पाठवून दाखवलं की बेकारीचे महिने वाढतात तसे फोन कमी होतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. त्यामुळे ‘गॅप’ची भीती निराधार नाही. तिच्यावरचा उपाय तारखा लपवणं हा मात्र नव्हे. भारतात २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक खातेदाराला यूएएन क्रमांक मिळतो आणि त्यावरून कुठल्या महिन्यात कुठं नोकरी धरली, कधी सोडली हे नव्या मालकाला सहज पडताळता येतं. आजारपण, बाळंतपण, घरातल्या वृद्धांची सेवा, स्पर्धा परीक्षेची तयारी, जे असेल ते एका ओळीत सरळ लिहावं आणि त्या काळात शिकलेलं काही असेल तर तेही लिहावं. एमपीएससीच्या अभ्यासात चार वर्षं घालवलेल्या मुलांना हे विशेष सांगावंसं वाटतं. ती वर्षं काळवंडलेला रकाना म्हणून दाखवायची काही गरज नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी भीतीच जास्त पसरली आहे. मोठ्या कंपन्यांत आणि पोर्टलांवर अर्ज आधी एटीएस नावाच्या प्रणालीत जातो. ती मजकूर वाचून नाव, शिक्षण, कामाचा काळ, कौशल्यं असे कप्पे भरते. स्कॅन करून चित्ररूपात पाठवलेला कागद, दोन स्तंभांत चौकटी करून मांडलेला मजकूर, हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर यांत ती चुकू शकते. साधा एका स्तंभाचा, अक्षरं निवडता येतील असा पीडीएफ चालतो. जाहिरातीत कामाचं जे नाव आहे तेच, ते काम खरोखर येत असेल तर, आपल्या कागदावर असावं. यंत्रानं बाद केलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा अर्जासोबतच्या प्रश्नांनी बाद केलेलं असतं: किती वर्षांचा अनुभव, नोटीस पिरियड किती, अमुक शहरात येणार का. यंत्र निःपक्षपाती असतं असंही मानू नये. अ‍ॅमेझॉननं अर्ज जोखण्यासाठी बनवलेलं एक प्रायोगिक साधन सोडून दिल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. ते आधीच्या, मुख्यतः पुरुषांच्या अर्जांवर शिकलं होतं आणि महिलांच्या संस्थांचा उल्लेख आला की गुण कापत होतं.

‘सहा सेकंदांत रेझ्युमे वाचला जातो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अमेरिकेतल्या एका नोकरीविषयक कंपनीनं २०१२ मध्ये केलेल्या पाहणीतून आलं आहे. तीस भरती अधिकाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल त्यात नोंदवली होती आणि ती वेळ पहिल्या चाळणीची होती. तीस माणसांवरून जगाचा नियम होत नाही. पण पहिल्या नजरेत डोळे नावावर, सध्याच्या आणि आधीच्या कामावर, तारखांवर आणि शिक्षणावर जातात, हे त्यातून मिळालेलं चित्र रोज कागद चाळणाऱ्या कुणालाही पटेल. म्हणून आताचं काम वर, आणि जुनं खाली.

लेखन करून देणारी एआय साधनं आल्यावर स्पेन्स यांचा विचार नव्यानं लागू झाला आहे. आजवर सफाईदार इंग्रजी हीसुद्धा एक खूण होती. ती कमवायला इंग्रजी शाळा, पैसा, वेळ लागायचा. आता ती कुणालाही मिनिटभरात मिळते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे आणि त्यांनी तिचा निःसंकोच वापर करावा. पण जी खूण सगळ्यांकडे आली तिचं वजन उतरलं. मालक आता भाषेच्या मागे काय आहे ते पाहू लागतील: कामाचा नेमका तपशील, पडताळता येणारी तारीख, फोन करून विचारता येईल असा सुपरवायझर. साधनाला मसुदा मागण्याआधी तपशील आपल्याकडे लिहून तयार पाहिजे. तो नसला की साधन तो स्वतःहून घालतं, आणि मुलाखतीत त्याचं उत्तर मात्र तुम्हाला द्यावं लागतं.

पुस्तकाची रचना आधी तपशील, मग मांडणी या क्रमानं केली आहे. पहिल्या भागात कामाची नोंद, दुसऱ्यात ती नोंद वाचणाऱ्यासाठी निवडून मांडणं, तिसऱ्यात निरनिराळ्या व्यवसायांचे आणि देशांचे कागद, चौथ्यात वर सांगितलेलं संशोधन सविस्तर. अभ्यासकांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथं मराठीतून करण्याजोगं काम पुष्कळ पडून आहे, विशेषतः जिल्ह्याच्या गावांतल्या छोट्या उद्योगांमध्ये माणूस कसा निवडला जातो, ओळखीनं किती आणि कागदावरून किती, यावर. नोकरी शोधणाऱ्यांनी मात्र पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक वही घ्यावी आणि मागच्या सहा महिन्यांत कामाच्या ठिकाणी, कॉलेजच्या प्रकल्पात किंवा घरच्या दुकानात रोज काय काय केलं ते सुचेल तसं, मराठीत, कुठलाही नमुना समोर न ठेवता लिहून काढावं. यंत्रांची, पुस्तकांची, वह्यांची, सॉफ्टवेअरची नावं जशी तोंडी येतात तशीच लिहावीत. पुढच्या सगळ्या प्रकरणांतले सराव त्या वहीवरच करायचे आहेत.